विश्लेषण : मुलुंडमध्ये सापडलेले ‘फोर्सकोलिन’ पेशी-संशोधनाचे बटण कसे झाले?

ऑनलाइन दुकानात ‘फोर्सकोलिन’ असे टाइप केले की वजन घटवणाऱ्या कॅप्सूलच्या डब्यांची रांग लागते. ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘चरबी वितळवणारे मूळ’ वगैरे. हेच नाव जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतल्या फ्रीजरमध्येही दिसते. तिथे ती काही मिलिग्रॅम पांढरी भुकटी असते आणि तिचा वजनाशी संबंध असेलच असे नाही. पेशीच्या आत निरोप कसे पोहोचतात याचा शोध घेणाऱ्यांसाठी गेली चार दशके ते एक बटण आहे. दाबले की पेशीतली एक ठरावीक यंत्रणा सुरू होते.

हे बटण सापडले मुंबईत, मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात. तिथे शोध चालला होता रक्तदाबावरच्या औषधाचा. औषध म्हणून ते फारसे पुढे गेले नाही. ते का गेले नाही आणि तरीही जगभरच्या प्रयोगशाळांना ते का लागते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. कॅप्सूल मागवण्याआधी ते माहीत असलेले बरे.

पेशीला निरोप मिळतो कसा?

रस्त्यावर कुत्रा अंगावर धावून आला की छातीत धडधडते. ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाच्या पेशीपर्यंत पोहोचते, पण पेशीच्या आत जात नाही. पेशीभोवतीच्या पटलावर रिसेप्टर नावाची प्रथिने असतात, त्यांना ते चिकटते आणि काम भागते. दारावरच्या बेलसारखेच हे. पाहुणा बाहेर उभा, बटण बाहेर, आवाज मात्र घरात.

मधली वायरिंग अशी : रिसेप्टर जी-प्रोटीनला जागे करतो. जी-प्रोटीन ‘ॲडेनिलिल सायक्लेज’ या एन्झाइमला चालू करते. हे एन्झाइम पेशीतल्या एटीपीपासून ‘सायक्लिक एएमपी’ नावाचा छोटा रेणू बनवू लागते. सायक्लिक एएमपी पेशीभर पसरतो आणि इतर प्रथिनांना कामाला लावतो. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी हा रेणू १९५० च्या दशकात शोधला आणि त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. हार्मोन हा पहिला निरोप्या, तर सायक्लिक एएमपी हा दुसरा, अशी मांडणी तेव्हापासून रूढ झाली. मधल्या जी-प्रोटीनच्या शोधासाठी आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चे नोबेल मिळाले.

गंमत अशी की निरोप एकच, पण प्रत्येक पेशी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावते. हृदयाची पेशी जास्त जोराने आकुंचन पावते. यकृताची पेशी साखर रक्तात सोडते. श्वासनलिकेचा स्नायू सैल पडतो, जठरात आम्ल वाढते, चरबीची पेशी साठा फोडू लागते. आतड्यात क्षार आणि पाणी बाहेर टाकले जाते. ही यादी लक्षात ठेवायला हवी, पुढे लागणार आहे.

मग अडचण काय होती?

समजा, एखाद्या हार्मोनमुळे पेशीत बदल झाला. तो सायक्लिक एएमपीमुळेच झाला, हे कसे सिद्ध करायचे? सरळ उपाय म्हणजे हार्मोन वगळायचे, सायक्लिक एएमपी तेवढे वाढवायचे आणि तोच बदल होतो का ते पाहायचे. पण ते वाढवायचे कसे?

बाहेरून सायक्लिक एएमपी ओतून उपयोग होत नाही. त्याच्या फॉस्फेटवर विद्युतभार असतो आणि पेशीचे पटल तेलकट असते. भारित रेणूला ते सहसा आत येऊ देत नाही. त्यावर तोडगा म्हणून सायक्लिक एएमपीला तेलकट शेपट्या जोडलेली कृत्रिम रूपे बनवली गेली. ती आत जात, पण खुद्द एन्झाइमला वळसा घालून. हार्मोन वापरावे, तर ज्या पेशीवर त्याचा रिसेप्टर आहे तिथेच ते चालणार.

तिसरा मार्ग होता कॉलऱ्याच्या विषाचा. हे विष वेगळे असते आणि आतड्यावर थेट काम करते, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले होते. पुढे कळले की ते जी-प्रोटीनला चालू स्थितीतच अडकवून टाकते. आतड्याच्या पेशींत सायक्लिक एएमपी वाढतच राहते, क्लोराइड बाहेर पडते, त्यामागोमाग पाणी, आणि रुग्ण काही तासांत कोरडा पडतो. प्रयोगासाठी हे विष उपयोगी खरे, पण ते बटण दाबून त्यात काडी अडकवण्यासारखे. बंद करता येत नाही.

हवा होता असा रेणू, जो पटलातून सहज आत जाईल, ज्याला रिसेप्टरची गरज नसेल आणि जो धुऊन काढला की परिणामही ओसरेल.

मुलुंडमध्ये काय घडले?

जर्मनीच्या होक्स्ट कंपनीचे मुलुंडला संशोधन केंद्र होते. १९७० च्या दशकात तिथे भारतीय वनस्पतींचे अर्क तपासण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालले होते. त्यातली एक वनस्पती म्हणजे कोलियस फोर्सकोली. तुळशीच्या कुळातली, बाल्कनीतल्या कुंडीत रंगीत पानांसाठी लावतात त्या कोलियसची नातलग. मराठीत तिला मैनमूळ म्हणतात, गुजरातीत गरमर. गरमरच्या मुळांचे लोणचे गुजरातमध्ये आवडीने खाल्ले जाते. शास्त्रीय नावातला ‘फोर्सकोली’ म्हणजे लिनियसचा शिष्य पीटर फोर्सकाल. अरबस्तानच्या मोहिमेवर असताना १७६३ मध्ये तो येमेनमध्ये मलेरियाने मरण पावला.

या मुळाच्या अर्काने प्राण्यांमध्ये रक्तदाब उतरतो, असे दिसले. सुजाता भट, नोएल डिसोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले रेणू वेगळे करून १९७७ मध्ये त्यांची रचना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील गटानेही याच वनस्पतीतून रक्तदाब उतरवणारा रेणू काढला आणि त्याला ‘कोलिओनॉल’ नाव दिले. दोघांनी मांडलेल्या रचना वेगळ्या होत्या. दोन्ही रेणू एकच असल्याचे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. तोवर जगाच्या तोंडी ‘फोर्सकोलिन’ हेच नाव बसले होते.

मुलुंडच्या गटाच्या १९७८ च्या नोंदीत आणखी एक गोष्ट होती. फोर्सकोलिनने रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो आणि त्याच वेळी हृदयाचे आकुंचन जोरदार होते. ॲड्रेनलिनची आठवण व्हावी असाच हा परिणाम, पण ॲड्रेनलिनचा रिसेप्टर औषधाने बंद केला तरी फोर्सकोलिन आपले काम करतच राहते. म्हणजे ते बेल वाजवत नाही. मग घरात आवाज कुठून येतो?

उत्तर कुठे मिळाले?

१९८१ मध्ये. होक्स्टच्याच जर्मनीतील संशोधकांनी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केनेथ सीमन, विल्यम पॅजेट आणि जॉन डाली यांनी दाखवले की फोर्सकोलिन थेट ॲडेनिलिल सायक्लेजला चालू करते. यातले डाली म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांच्या कातडीतले रेणू शोधून काढण्यासाठी प्रसिद्ध असलेले रसायनशास्त्रज्ञ. विचित्र रेणूंची त्यांना आवड होतीच.

त्यांच्या प्रयोगांतला सर्वांत बोलका भाग जी-प्रोटीनचा. उंदराच्या कर्कपेशींचा एक प्रकार असा आहे, ज्यात हे जी-प्रोटीन नसतेच. बेल आहे, घंटा आहे, मधली वायर तुटलेली. अशा पेशींवर ॲड्रेनलिनचा परिणाम शून्य. फोर्सकोलिन टाकले की मात्र एन्झाइम चालू होते. पेशी धुतल्या की सायक्लिक एएमपी पुन्हा खाली येते.

हे नेमके कसे होते, ते दिसायला १९९७ उजाडले. एन्झाइमचे काम करणारे दोन भाग असतात आणि ते नीट जुळले तरच सायक्लिक एएमपी बनते. स्फटिकांवर क्ष-किरण टाकून मिळालेल्या रचनेत फोर्सकोलिन या दोन भागांच्या सांध्यात बसलेले दिसले, दोन फळ्या जोडणाऱ्या डिंकासारखे. सस्तन प्राण्यांच्या पटलात या एन्झाइमचे नऊ प्रकार आहेत, त्यांतले आठ फोर्सकोलिनला दाद देतात. नववा जवळपास देत नाही.

त्याआधीच या चिकटपणाचा एक उपयोग झाला होता. पेशीत ॲडेनिलिल सायक्लेज इतके कमी असते की ते शुद्ध स्वरूपात हाती लागत नव्हते. १९८० च्या दशकात संशोधकांनी बारीक मण्यांना फोर्सकोलिन जोडले आणि त्यांवरून मेंदूच्या पेशींतला अर्क सोडला. बाकी सारे वाहून गेले, एन्झाइम तेवढे मण्यांना चिकटून राहिले. त्यातूनच १९८९ मध्ये त्याची पूर्ण अमिनो आम्ल साखळी कळली.

प्रयोगशाळेत ते कसे वापरतात?

फोर्सकोलिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ठेवतात आणि पेशी वाढत असलेल्या द्रवात अगदी थोडे टाकतात. नेहमीचे प्रमाण १० मायक्रोमोलर, म्हणजे एका लिटरला सुमारे ४ मिलिग्रॅम. जो तेलकटपणा पाण्यात अडचणीचा, तोच पेशीच्या पटलातून आत शिरताना कामाचा.

नुसते नळ सोडून मात्र बादली भरत नाही, खालची मोरीही बंद करावी लागते. पेशीत सायक्लिक एएमपी फोडणारी फॉस्फोडायएस्टरेज एन्झाइम्स सतत कामावर असतात. त्यांना रोखणारे दुसरे रसायन बहुधा सोबत दिले जाते. चहा-कॉफीतले कॅफिनही ही मोरी थोडीफार अडवते, पण कपभर कॉफीत त्यासाठी लागेल इतके ते नसते.

खरी काळजी वेगळीच घ्यावी लागते. फोर्सकोलिन दिले आणि पेशीत काही बदलले, म्हणून तो बदल सायक्लिक एएमपीमुळेच झाला असे म्हणता येत नाही. जास्त प्रमाणात ते ग्लुकोज आत नेणाऱ्या प्रथिनांना अडवते, पोटॅशियमच्या काही वाहिन्याही बदलते. या दोन्हींचा सायक्लिक एएमपीशी संबंध नाही. मग पारख कशी करायची? याच रेणूतले दोन ऑक्सिजन अणू काढले की ‘१,९-डायडिऑक्सिफोर्सकोलिन’ तयार होते. दिसायला जुळा भाऊ, पण तो ॲडेनिलिल सायक्लेजला चालू करत नाही. ग्लुकोजची वाट मात्र तोही अडवतो. म्हणून जागरूक संशोधक एका ताटलीत फोर्सकोलिन टाकतो, दुसरीत हा जुळा भाऊ. बदल फक्त पहिलीत झाला, तर सायक्लिक एएमपीवर बोट ठेवता येते. दोन्हींत झाला, तर प्रयोग पुन्हा मांडावा लागतो. ‘फोर्सकोलिन दिल्यावर अमुक झाले’ एवढेच सांगणारा दावा कुठेही वाचला, तर दुसऱ्या ताटलीत काय होते हे आधी विचारावे.

रुग्णांना याचा काय उपयोग?

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात सीएफटीआर ही क्लोराइडची वाहिनी बिघडलेली असते. कॉलऱ्यात आतड्यातली जी वाट सताड उघडी पडते, तीच इथे उघडत नाही. क्षार आणि पाणी बाहेर येत नसल्याने फुप्फुसात आणि स्वादुपिंडात चिकट स्राव साचतो. या एका जनुकात दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले आहेत. २०१२ पासून सीएफटीआरवर थेट काम करणारी औषधे आली, पण ती अत्यंत महाग आहेत आणि प्रत्येक प्रकारच्या बिघाडावर चालत नाहीत. एखाद्या मुलाचा बदल जगात मोजक्याच लोकांत असेल, तर त्याच्यासाठी औषधाची मोठी चाचणी घेणेच शक्य नसते.

नेदरलँड्समधील युट्रेक्टच्या संशोधकांनी २०१३ मध्ये यावर एक मार्ग दाखवला. रुग्णाच्या गुदाशयातून ऊतीचा बारीक तुकडा घेतात आणि त्यातल्या मूळ पेशींपासून आतड्याचे सूक्ष्म पोकळ गोळे वाढवतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. मग फोर्सकोलिन टाकतात. निरोगी माणसाच्या गोळ्यांत सायक्लिक एएमपी वाढते, सीएफटीआर उघडते, पाणी आत शिरते आणि गोळे तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेले दिसतात. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाचे गोळे तसेच राहतात किंवा जेमतेम फुगतात. आता त्याच रुग्णाच्या गोळ्यांना आधी औषध द्यायचे आणि मग फोर्सकोलिन. फुगले, तर औषधाने वाहिनी सुरू झाली. २०१६ मध्ये याच गटाने दुर्मीळ बदल असलेल्या रुग्णांत असा प्रतिसाद आधी ताटलीत आणि मग प्रत्यक्ष उपचारात दिसल्याचे प्रसिद्ध केले.

इथे फोर्सकोलिन रुग्णाच्या शरीरात जातच नाही. औषध चालणार का, याचा निकाल लावण्यापुरतेच ते वापरले जाते.

मग ते स्वतः औषध का झाले नाही?

वरची यादी पुन्हा पाहा. हृदय, रक्तवाहिन्या, यकृत, जठर, आतडे, श्वासनलिका, चरबी. ॲडेनिलिल सायक्लेज शरीरात जवळपास सगळीकडे आहे आणि फोर्सकोलिन पेशी निवडत नाही. ताटलीत एकाच प्रकारच्या पेशी असतात, म्हणून तिथे हा गुण ठरतो. शरीरात साऱ्या इमारतीचा मेन स्विच दाबल्यासारखे होते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामोल हीच वायरिंग वापरते. पण ते विशिष्ट रिसेप्टरची बेल वाजवते आणि पंपामुळे बहुतांश श्वासनलिकेपाशीच राहते. फरक तेवढाच आणि तो पुरेसा आहे.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी थेंबांच्या रूपात आणि दम्यासाठी हुंगण्याच्या रूपात १९८० च्या दशकात ते तपासले गेले. पाण्यात विरघळणारे त्याचे एक रूप, कोलफोर्सिन डॅरोपेट, जपानमध्ये हृदय अचानक निकामी होऊ लागलेल्या रुग्णांसाठी मंजूर झाले. ते शिरेतून, रुग्णालयात, हृदयाच्या मॉनिटरवर नजर ठेवून देतात.

वजन घटवणाऱ्या कॅप्सूलचे काय?

चरबीच्या पेशीत सायक्लिक एएमपी वाढले की साठवलेली चरबी फुटते, हे खरे आहे. ताटलीतल्या पेशींत ते दाखवता येते. जाहिरात तिथून थेट कंबरेवर उडी मारते. २०१४ मध्ये अमेरिकी टीव्हीवरचे डॉक्टर मेहमेत ओझ यांच्या कार्यक्रमात त्याचा गाजावाजा झाला आणि विक्रीला जोर आला.

माणसांवरचे पुरावे फारच तुटपुंजे आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० स्थूल पुरुष होते. त्यांतल्या निम्म्यांना १२ आठवडे रोज दोनदा २५० मिलिग्रॅम अर्क दिला गेला. त्यात १० टक्के फोर्सकोलिन होते, म्हणजे दिवसाला ५० मिलिग्रॅम. त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण काहीसे घटले, पण वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या २३ महिलांवरच्या दुसऱ्या अभ्यासात वजन लक्षणीय घटले नाही. डब्यांवरचे दावे आणि हे आकडे यांत बरेच अंतर आहे.

आणि बाकीच्या पेशींचे काय? फोर्सकोलिन रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, जठराचा व्रण असणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी हा डबा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये. ‘मूळच तर आहे, लोणच्यातही खातात’ हा युक्तिवाद कामाचा नाही. लोणच्यातली फोड आणि रेणूचे प्रमाण वाढवलेला अर्क यांची बरोबरी होत नाही.

मुळे येतात कुठून?

फोर्सकोलिन मुळाच्या सालीकडच्या पेशींत तेलाच्या सूक्ष्म थेंबांत साठते आणि वाळलेल्या मुळाच्या वजनात त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी भरतो. मुळासाठी अख्खे रोप उपटावे लागते. १९८० च्या दशकानंतर मागणी वाढली तशी रानातली रोपे ओरबाडली गेली आणि मग लागवडीकडे वळावे लागले. आज ती मुख्यतः तमिळनाडू आणि कर्नाटकात होते. फांद्यांचे तुकडे लावतात आणि साधारण पाच-सहा महिन्यांनी मुळे खणतात.

कारखान्यात हा रेणू जोडून काढता येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तीन गटांनी ते करून दाखवले. त्यातले एक ई. जे. कोरी, १९९० चे नोबेल विजेते. पण त्याला इतक्या पायऱ्या लागतात की मुळे खणणेच स्वस्त पडते. २०१७ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी वनस्पतीतली लागणारी सारी जनुके शोधून यीस्टमध्ये घातली आणि साखरेवर वाढणाऱ्या यीस्टने फोर्सकोलिन बनवले : लिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम. प्रयोगशाळेच्या हिशेबाने ते दहा लिटर द्रवाला पुरेल. कॅप्सूलच्या हिशेबाने एका माणसाचा एक दिवसही भागणार नाही. बाजारातले फोर्सकोलिन अजून मुळांतूनच काढले जाते.